उजव्या नळीतला सेंटिमीटर

माप हा संस्कृतीचा पाया आहे. राज्यं येतात, राज्यं जातात, पण शंभर सेंटिमीटरचा मीटर शंभर सेंटिमीटरचाच राहतो. आणि तो तसाच राहावा म्हणून काही माणसं आपलं आयुष्य झिजवतात. वजनमापे खात्यातले निरीक्षक स्वतःला अशा माणसांत धरत. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, कापड मोजायच्या दांड्या, तेलाची मापं आणि शपथा तपासल्या होत्या, आणि त्यात सगळ्यात खोट्या शपथाच निघाल्या होत्या. घरी मात्र न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा गेली चार वर्षं तीन किलो कमी दाखवत होता. तो सासूबाईंचा होता, आणि त्याला हात लावायचा अधिकार खात्याच्या कुठल्याही कायद्याने निरीक्षकांना दिलेला नव्हता.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पोलादी पट्टी असे, पंधरा सेंटिमीटरची. तिच्याबाबतीत त्यांचा एक नियम होता. खात्यात नवा माणूस लागला की पहिल्याच दिवशी ते तो ऐकवत. पट्टीच्या टोकावर विश्वास ठेवायचा नाही. टोक झिजतं, तो त्याचा धर्मच आहे. म्हणून मोजायला सुरुवात करायची ती एकच्या रेषेवरून, आणि शेवटी जे येईल त्यातून एक वजा करायचा. बारा हवे असतील तर खूण तेरावर. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की, "चहात दोन चमचे साखर सांगितली तरी हे तीनपर्यंत मोजतात," असं बायको सांगे, आणि ते तिला खोटं पाडू शकत नसत.

मोटारसायकल आणि सासूबाई या घरात एकाच दिवशी आल्या होत्या. सासरे गेले, तेव्हा त्यांच्या एकुलत्या लेकीने जे मागे उरलं ते सगळं उचलून आणलं. मोटारसायकलीला तेव्हाच वीस वर्षं झाली होती. सासूबाईंचं वय विचारायची पद्धत नव्हती. निरीक्षकांना गाडी चालवता येत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा शिकून पाहिलं होतं, पण शेजाऱ्यांच्या फाटकाने त्यांना थांबवलं. बायको मात्र बापाच्या गाडीवरच मोठी झालेली. ती आरोग्यकेंद्रात परिचारिका होती, आणि दर मंगळवारी लसींची निळी पेटी मागे बांधून टेकडीवरच्या उपकेंद्रात जायची. बावीस किलोमीटर चढ, एकोणीस वळणं, आणि येताना तीच एकोणीस वळणं उतरून.

"पुढचे शॉक बसलेत," एका मंगळवारी मनगटं चोळत ती म्हणाली. "ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते. खड्ड्यात गेली की माझे हात खांद्यात घुसतात. उतारावर आता भीती वाटायला लागलीय, अहो."

बायकोला भीती वाटते हे निरीक्षकांनी त्याआधी एकदाच ऐकलं होतं, तेही त्यांच्या गाणं म्हणण्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी दोघं मेकॅनिककडे गेली. त्याने हँडल दाबून पाहिलं, पुढची दोन्ही चकचकीत नळकांडी खाली गेली आणि खालीच राहिली. "पुढचा सगळा सेट बदला, सिस्टर," तो म्हणाला आणि एक आकडा सांगितला. निरीक्षकांनी तो दोनदा विचारून घेतला. तेवढ्यात दुसरी जुनी मोटारसायकल आली असती, आणि तिचेही शॉक बसलेलेच असते.

"स्वस्तात काही?"

"स्वस्तात म्हणजे जुगाड. दुसऱ्या एका गाडीच्या स्प्रिंगा ह्यात जातात, जड असतात, भंगारवाल्याकडे मिळतील. जराशा आखूड पडतात. मग वर नळाचा प्लास्टिकचा पाईप कापून ठेवायचा, बारा सेंटिमीटर. तो स्प्रिंगेला दाबून धरतो. नवीन सील टाका, घट्ट तेल टाका, झालं. माझी मजुरी..."

मजुरी ऐकून निरीक्षक म्हणाले, "पाईप कापायला एवढं काय लागतं? मीच कापतो."

मेकॅनिकने त्यांच्या खिशातल्या पट्टीकडे पाहिलं. "कापा की. फक्त दोन्ही नळ्या एकदम खोलू नका साहेब, तुकडे एकमेकांत मिसळतात. एक पूर्ण करायची, मग दुसरी. आणि टोपण उघडताना तोंड वर धरू नका. खाली स्प्रिंग दाबलेली असते. आमच्या ओळखीत एकाचं टोपण उडालं."

"मग?"

"आधी त्याला टीव्हीचा फार नाद होता. आता रेडिओ ऐकतो."

रविवारी सकाळी अंगणात इंजिनाखाली लाकडी खोकं सरकवून गाडी उभी केली गेली. पुढचं चाक निघालं. जुने कागद पसरले गेले, बादली आली, आणि देखरेखीसाठी सासूबाईंची खुर्ची आली. बायकोला सुट्टीच्या दिवशीही केंद्रात बोलावलं होतं. जाताना ती म्हणाली, "नीट करा हं. नाही जमलं तर तसंच ठेवा, मी मेकॅनिककडे ढकलत नेईन." हे बोलणं निरीक्षकांच्या वर्मी लागलं.

डाव्या नळीतून निघालेलं तेल काळं होतं आणि त्याला मेलेल्या माशाचा वास होता. निरीक्षकांनी सील बदललं, स्प्रिंग घातली, पट्टीवर एकपासून तेरापर्यंत मोजून पाईप कापला, कडा कानशीने घासल्या, तेल मापाने ओतलं, टोपण फिरवलं. ते लोण्यासारखं बसलं. निरीक्षकांनी हात पुसले आणि मेकॅनिक लोकांच्या मजुरीबद्दल सासूबाईंना चार शब्द ऐकवले.

"झालं का?" सासूबाई म्हणाल्या.

"अर्धं."

"मग अर्धीच बढाई मारा."

उजव्या नळीची वेळ आली. निरीक्षकांनी पाईप हातात घेतला, पट्टी काढली, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "जावई, पाईप कापायला काढलाच आहात तर मोरीच्या नळाचंही बघा. गळतोय."

"आई, हा पाईप वेगळा."

"पाईप तो पाईप. त्यातून पाणी जातं की मोटारसायकल, त्याला काय ठाऊक?"

"आणि तो काही तसा फार गळत नाही."

"मिनिटाला चाळीस थेंब. मी मोजलेत. मोजणारे तुम्ही एकटेच नाही या घरात."

निरीक्षकांनी उठून मोरीत जाऊन घड्याळ लावून मोजले. अडतीस भरले. परत येऊन त्यांनी सासूबाईंना तसं सांगितलं, त्यावर त्या म्हणाल्या की तुम्ही बघायला गेलात म्हणून तो लाजला असेल. निरीक्षकांनी पट्टी पाईपाला लावली, तेरावर खूण केली आणि करवत चालवली.

उजवं टोपण मात्र बसेना. खालून स्प्रिंग ते परत वर ढकलत होती. आटे पकडायच्या आतच पाना निसटे. तिसऱ्या वेळी निरीक्षकांच्या बोटाचं साल निघालं. शेवटी टोपणाच्या पान्यावर फळी ठेवली आणि सासूबाई तिच्यावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. वजनकाट्याच्या हिशेबाने ते वजन फारसं नव्हतं, पण टोपण खाली गेलं, आणि निरीक्षकांनी घाईघाईने ते फिरवून घेतलं.

"डावं सहज बसलं. हे का नाही?" धापा टाकत सासूबाईंनी विचारलं.

"आपण दमलोय आता," निरीक्षक म्हणाले. त्यांना ते पटलं.

सोमवारी बायको गाडी बाजारापर्यंत नेऊन आली. "कडक झालीय," ती म्हणाली. "नाक नाही खुपसत आता. छान केलंत." निरीक्षक त्या दिवशी कचेरीत जरा ताठ बसले.

मंगळवारी सकाळी आठला ती निळी पेटी बांधून टेकडीकडे निघाली. साडेअकराला निरीक्षक एका कापडवाल्याच्या दुकानात उभे होते. दुकानदाराची दांडी एका टोकाला चांगली चार मिलिमीटर झिजली होती.

"झिजली असेल साहेब," दुकानदार म्हणाला. "मीही झिजलोय. तिशीत आलो होतो या दुकानात."

"तुम्हाला कोणी मोजत नाही," निरीक्षक म्हणाले. "दांडीचं टोक झिजलं तर गिऱ्हाईकाचं कापड जातं. मी तर म्हणतो, टोकावर विश्वासच ठेवू नका. एकच्या रेषेपासून सुरुवात करा, शेवटी एक वजा करा. पण पूर्ण नियम पाळा हां. नाहीतर होतं काय, माणूस मध्येच उठून जातो, परत येतो, सवयीने आकडा एक जास्त धरतो आणि सुरुवात मात्र टोकापासूनच..."

ते थांबले.

दुकानदार वाट पाहत राहिला. निरीक्षकांच्या डोळ्यासमोर अंगण उभं होतं. पांढरा पाईप, त्याची कापलेली कड, आणि ती कड पट्टीच्या अगदी टोकाशी अंगठ्याने दाबून धरलेली. एकच्या रेषेशी नव्हे, टोकाशी. डोक्यात मोरीचे अडतीस थेंब. आणि खूण तेरावर.

डावा पाईप बारा. उजवा तेरा.

डावं टोपण लोण्यासारखं का बसलं आणि उजव्याला सासूबाई का लागल्या, हे त्यांना एकदम, नको तितकं स्पष्ट कळलं. एक सेंटिमीटर जास्त दाबलेली स्प्रिंग त्या क्षणी कुठल्यातरी वळणावर टोपणाला खालून ढकलत होती. टोपणाचे आटे किती धरले होते? तीन? दोन? आणि त्या टोपणाच्या बरोबर वर, हँडलवर वाकलेलं, बायकोचं तोंड होतं.

"साहेब, बसा, बसा," दुकानदार घाबरला. त्याने पाणी मागवलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. चार मिलिमीटरच तर आहेत. काही समजून घ्यायचं असेल तर..."

निरीक्षकांनी दांडी त्याच्या हातात दिली आणि ते रस्त्यावर आले. सव्वीस वर्षांत जप्ती न करता त्यांनी सोडलेली ती पहिली दांडी.

त्यांनी बायकोला फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. उपकेंद्रात तसाही फोन लागत नसे, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी अकरा वेळा लावला. त्यातल्या प्रत्येक वेळी फोनमधली ध्वनिमुद्रित बाई तेच वाक्य त्याच गोड आवाजात म्हणाली. मग त्यांनी मेकॅनिकला फोन केला. मागे कसलंतरी यंत्र किंचाळत होतं.

"एक सेंटिमीटर जास्त? हं. टोपण बसलं ना?"

"सासूबाईंनी बसवलं."

"आटे किती पकडलेत?"

"ते आता कसं कळणार?"

"मग मला फोनवर कसं कळणार, साहेब? गाडी घेऊन या."

"गाडी टेकडीवर आहे हो!"

"मग उतरल्यावर आणा," मेकॅनिक म्हणाला, आणि यंत्राने पुढचं गिळलं.

उतरल्यावर. एकोणीस वळणं, प्रत्येकावर पुढचा ब्रेक. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येणार, नळ्या आत जाणार, स्प्रिंग आणखी दाबली जाणार. निरीक्षकांना हे सगळं रविवारी सकाळी सासूबाईंना समजावून सांगताना अतिशय मनोरंजक वाटलं होतं.

बारा दहाची बस मिळाली. ते पुढच्या बाकावर, काचेजवळ बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. निरीक्षकांच्या मनाने तर वैऱ्याला रजाच देऊन टाकली होती. तिसऱ्या वळणावर रस्त्यावर तेलाचा डाग दिसला. ते अर्धवट उठले. डाग जुना होता. पाचव्या वळणाच्या कठड्याला ताजा ओरखडा होता. सातव्यावर झुडपात काहीतरी निळं अडकलं होतं. बस पुढे गेली तेव्हा ते खताचं पोतं निघालं. चुकलेल्या वजनांचे किती पंचनामे त्यांनी आजवर स्वतःच्या हाताने लिहिले होते, पण त्यात कधी कुणाला लागलेलं नव्हतं. गिऱ्हाईकाचे पन्नास ग्रॅम गेले, तर गिऱ्हाईक तरी घरी पोचायचं.

दहाव्या वळणाच्या अलीकडे बस थांबली. समोर दोन गाड्या उभ्या होत्या, माणसं उतरून पुढे चालली होती.

"काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"दुचाकी पडलीय म्हणे," वाहक दारातून वाकून पाहत म्हणाला. "वरून आलेला ड्रायव्हर सांगत होता, रस्ताभर पिवळं पसरलंय."

बायकोचं हेल्मेट पिवळं होतं.

निरीक्षकांना आपण उठलो ते आठवत नाही, उतरलो तेही आठवत नाही. ते धावत होते. त्यांच्या वयाची आणि हुद्द्याची माणसं धावत नसतात, त्यामुळे लोक बाजूला झाले. एकच विचार त्यांच्या डोक्यात होता, आणि तो फार लहान आणि फार लाजिरवाणा होता: मजुरी द्यायला हवी होती.

वळणावर रस्ताभर खरंच पिवळं पसरलं होतं. अंडी होती. साडेचारशे तरी असतील. त्यांच्या मधोमध एक अंडीवाला दगडावर बसून, न फुटलेली शोधून एका ट्रेमध्ये लावत होता. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. शेजारी त्याची स्कूटर आडवी पडली होती.

निरीक्षक हसले. मोठ्याने, सगळ्यांसमोर, थांबता येईना इतके. दुसऱ्याचं नुकसान पाहून इतका आनंद त्यांना उभ्या नोकरीत झाला नव्हता, आणि नोकरी तशीच होती.

"हसा," अंडीवाला म्हणाला. "तुमची फुटली असती तर कळलं असतं."

"कशाने पडलात?" निरीक्षकांनी कसंबसं विचारलं.

अंडीवाल्याने बोट दाखवलं. एक खड्डा होता. विशेष मोठाही नव्हता. त्यात आता बलकाचं तळं झालं होतं. निरीक्षकांचं हसू तिथेच आटलं. याच खड्ड्यावरून ती सकाळी वर गेली होती. याच खड्ड्यावरून ती आता खाली येणार होती, बलक जमेला धरून.

रस्ता मोकळा झाल्यावर त्याच बसने ते वर पोचले. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. ओट्यावर आया आणि रडणारी मुलं होती. गाडी झाडाखाली उभी होती, सरळ, शहाण्यासारखी. बायको दारात आली, नवऱ्याला पाहिलं आणि हातातलं काम टाकून पुढे आली.

"आईला काय झालं?"

"आई ठीक आहेत. अगं, एक सेंटिमीटर..."

"काय?"

निरीक्षकांनी सांगितलं. पट्टी, टोक, एकची रेषा, मोरीचा नळ, बारा, तेरा. एका बाईने रडणाऱ्या मुलाला गप्प केलं, कारण तिलाही ऐकायचं होतं. सगळं ऐकून बायको म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांब एक सेंटिमीटर घेऊन आलात?"

"टोपण उडू शकतं. तुझ्या तोंडावर. आटे किती धरलेत ते मला माहीत नाही."

ती काहीतरी चेष्टेचं बोलणार होती. पण तिची नजर झाडाखालच्या गाडीकडे गेली. "वर येताना टक्क आवाज आला होता," ती हळूच म्हणाली. "दोनदा. मला वाटलं दगड उडाला."

दोघं झाडाखाली गेली. तिने उजव्या टोपणाला बोट लावलं, मग काढून घेतलं, तापलेल्या भांड्याचं काढावं तसं. गेली बावीस वर्षं निरीक्षक तिच्या मागच्या सीटवर बसत होते, पण गाडीला हात लावून तिने तो काढून घेतलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"बसनेच जाऊ," ते म्हणाले. "गाडी इथेच राहू दे."

"बस सहाला. बर्फ वितळत आलाय. उरलेल्या लसी पाचच्या आत फ्रीजमध्ये गेल्या नाहीत तर सगळ्या फेकायच्या. पुढच्या मंगळवारी या बायांना काय सांगू? नवऱ्याने पाईप लांब कापला म्हणून?" ती आत गेली आणि हातात पांढरी चिकटपट्टी आणि बँडेज घेऊन आली. तिने टोपणाला बँडेज गुंडाळायला सुरुवात केली. आधी आडवं, मग उभं, मग हँडलवरून ओढून पुन्हा खाली, जसं फुटलेल्या डोक्याला करतात. शेवटी चिकटपट्टीचे चार पट्टे. "उडालं तरी डोळ्यात तरी नाही यायचं. तुम्ही बसने या."

"मी मागे बसतो."

"वजन वाढेल."

"माझं वजन मागे. पुढचं हलकं होईल."

"आणि उडालं तर?"

"तर दोघांचं मिळून उडू दे," निरीक्षक म्हणाले. त्यांच्या मानाने हे प्रेमाचं भाषण होतं. बायकोने ते तसंच घेतलं आणि निळी पेटी त्यांच्या मांडीवर दिली.

उतार सुरू झाला. ती पुढचा ब्रेक दाबत नव्हती, मागच्यावर आणि गिअरवर उतरत होती, त्यामुळे इंजिन सतत कण्हत होतं. निरीक्षक तिच्या खांद्यावरून बँडेजकडे टक लावून बघत होते. वळण आलं की त्यांच्या पायाची बोटं बुटात आखडत.

"माझ्याबरोबर झुका!" ती ओरडली. "उलटे कशाला झुकताय? पडू आपण!"

"टोपण दिसत नाही तिकडून!"

"टोपण बघू नका, रस्ता बघा!"

रस्ता बघणं जास्त वाईट होतं. सतराव्या वळणावर टक्क असा आवाज आला. काही उडालं नाही. चौदाव्यावर पुन्हा. बाराव्याच्या पुढे निरीक्षकांना गुडघ्यावर थंड, ओलं काहीतरी लागलं. शॉकचं तेल. सील फुटलं. त्यांनी हात लावला, ओला झाला. "थांब! थांब! तेल!" ते किंचाळले. तिने गाडी कडेला घेतली, दोघं उतरली, तिने त्यांचा हात घेतला, हुंगला आणि पेटीचं बूड दाखवलं. बर्फाचं पाणी गळत होतं.

"बसा," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता की हसरा, हे हेल्मेटमुळे कळलं नाही.

दहावं वळण आलं. अंडी सुकली होती, अंडीवाला गेला होता, पण खड्डा होता. समोरून ट्रक येत होता, त्यामुळे बाजूने जायला जागा नव्हती. निरीक्षकांनी तिची कंबर घट्ट धरली आणि डोळे मिटले. पुढचं चाक खाली गेलं. आवाज असा आला की आता सगळं संपलं. मग चाक वर आलं, गाडी वर आली, आणि ट्रक भोंगा वाजवत गेला. बँडेज जागेवर होतं.

पाचला दहा मिनिटं असताना लसी फ्रीजमध्ये गेल्या. सव्वापाचला गाडी मेकॅनिकच्या दारात होती. तो बँडेजकडे बघत राहिला.

"सिस्टर, गाडीला टाके पण घातलेत का?"

"खोला आधी," निरीक्षक म्हणाले.

त्याने बँडेज कापलं, गाडीखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं, पान्यावर भार देऊन टोपण जपून सोडवलं. एक, दोन, तीन... आटे सगळेच्या सगळे पकडलेले होते. पाईप बाहेर आला. त्याने डाव्याचाही काढला आणि दोन्ही पाईप फरशीवर शेजारी उभे केले. एक दुसऱ्याहून अंगठ्याच्या नखाएवढा उंच होता. निरीक्षकांनी पट्टी काढली आणि एकच्या रेषेपासून मोजलं. बारा. तेरा. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं काहीतरी बरोबर निघालं होतं.

"बघा!" ते म्हणाले. "पूर्ण एक सेंटिमीटर."

"आहे की," मेकॅनिक म्हणाला. "मग?"

"मग म्हणजे? एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी! गाडी वाकडी चालली असेल!"

"दोन्ही नळ्या खाली एकाच दांड्याला बांधलेल्या असतात साहेब. चाकाच्या. एकटीने वर जाऊ शकते का कुठली? एक जरा जास्त ढकलते, एक जरा कमी. गाडीला फक्त बेरीज कळते. असं चाललं असतं दोन वर्षं, काही नसतं झालं."

"आणि तो टक्क आवाज?" बायकोने विचारलं.

मेकॅनिकने हँडल हलवलं, मग आरशाला बोट मारलं. आरसा टक्क वाजला. त्याने त्याचा नट अर्धा फेरा आवळला.

"पण फोनवर तुम्ही काहीच बोलला नाहीत!" निरीक्षक म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठे, काही होईल का म्हणून? तुम्ही नुसतं सांगितलं, एक सेंटिमीटर जास्त. मी म्हटलं, असेल." त्याने करवत घेतली, डोळ्यांनीच अंदाज घेतला, न मोजता लांब पाईपाची चकती कापली आणि दोन्ही पाईप परत आत टाकले. मग दुकानाबाहेर उभ्या असलेल्या एका कोऱ्या, महागड्या मोटारसायकलकडे हनुवटीने इशारा केला. ती सकाळी पहिल्या सर्व्हिसिंगला आली होती.

कंपनीनेच तिच्या पुढच्या दोन नळ्यांपैकी एकीतच स्प्रिंग घातली होती. दुसरीत नव्हती.